नऊ दिवस हजर

मुक्ताबाई पडली ती दिवाळी सरता सरता, भर सकाळी, आपल्याच बांधावर. डोक्यावर गवताचा भारा, पायाखाली दवानं निसरडी झालेली काळी माती. भारा एकीकडं गेला, बाई एकीकडं. उजवा हात अंगाखाली आला आणि मनगटाचं हाड मोडलं. बिडकीनच्या डॉक्टरनं कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि दीड महिना हात हलवायचा नाही म्हणून बजावलं. मुक्ताबाईनं मान डोलावली खरी, पण तिचं ध्यान डॉक्टरकडं नव्हतंच. परतताना रिक्षातून रान दिसलं, तशी ती नवऱ्याला म्हणाली, "पऱ्हाटी समदी फुटली हो. आन आभाळ बघा कसं भरून येऊ लागलं."

सांडूनं आभाळ सकाळीच बघितलं होतं. अडीच एकर कापूस एका दमात फुटला होता, बोंडाबोंडातून बाहेर लोंबत होता. त्यावर पाणी पडलं की पांढऱ्याचा पिवळा होतो, पिवळ्याची घट्ट, कडक कवडी होते, आणि मग त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. गावात वेचायला माणूस मिळेना. ज्याच्या त्याच्या रानात तीच घाई. थोरला पोरगा धम्मपाल वाळूजला कंपनीत. त्यानं फोनवर सांगून टाकलं, "अण्णा, आता सुट्टी मागितली तर कायमचीच मिळंल." राहता राहिली मोनाली.

सांडू पोरीला थेट काही सांगणारा माणूस नव्हता. जेवता जेवता ताटातल्या भाकरीकडं बघत तो म्हणाला, "दोन दिस थांबती का माय? दोनच दिस."

मोनालीचा घास तोंडातच राहिला. सोमवारी कॉलेज उघडत होतं. ती अकरावी सायन्सला होती, शहरात, मुकुंदवाडीच्या बाजूच्या एका कॉलेजात. रोज सकाळी जांभळवाडीहून फाट्यापर्यंत पायी, मग पैठणहून येणारी एसटी, मग शहरात उतरून पुन्हा दुसरी बस. एवढी यातायात करूनही पोळ्याच्या सुमारास ओढ्याला पूर आला, फाट्याचा रस्ता तुटला आणि तिचे बारा दिवस बुडाले होते. पुढं वर्गात टॅब वाटले तेव्हा अभय सरांनी तिला बाजूला बोलावून सांगितलं होतं. सर बायोलॉजी शिकवायचे आणि टॅबचा सगळा कारभारही त्यांच्याकडंच होता. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की टॅब जमा, आणि वार्षिक परीक्षेला बसायचं तर प्राचार्यांच्या दारात अर्ज घेऊन उभं राहायचं. "आता एकही दिवस चुकवू नकोस," सर म्हणाले होते.

हे तिनं घरी सांगितलं नव्हतं. आता सांगावं, तर समोर आईचा हात गळ्यात अडकवलेला.

"थांबते," ती म्हणाली.

आता या टॅबचं सांगायचं तर थोडं मागं जावं लागतं. जून-जुलैत वर्गात वह्याच होत्या, आणि तेव्हा मोनालीला वर्गात भाव होता. ऐंशी पोरापोरींत इतक्या लांबच्या खेड्यातून येणारी ती एकटीच. तोंड उघडलं की 'लई' आणि 'नाय' बाहेर पडायचं आणि मागच्या बाकावर कुणीतरी फिदीफिदी हसायचं. पण अक्षर! टपोरं, सरळ, एकाला एक लागून बसलेलं. सर बोलतील ते सगळं ती उतरून घ्यायची. पेशीची आकृती काढली तर पुस्तकातली लाजावी. कुणी एक दिवस दांडी मारली की दुसऱ्या दिवशी मागणी ठरलेली, "मोनाली, वही दे ना." मग ती वही सिडकोत जायची, शहागंजात जायची, चार घरं फिरून यायची. परत येताना कधी कव्हरला तेलाचा डाग असायचा, कधी पानांत एखादा लांब केस. एकदा तर मसालेभाताचं शीत चिकटून आलं होतं. दुसरी कुणी असती तर चिडली असती. मोनाली ते शीत नखानं खरवडताना हसली होती. कुणाच्या तरी घरी आपण जेवणवेळेला होतो, असं तिला वाटलं होतं.

शेजारच्या बाकावरची संस्कृती तर त्या वहीवरच जगत होती. ती मुकुंदवाडीतलीच, कॉलेजपासून चालत पाच मिनिटांवर, तरी आठवड्यातून दोन दिवस गैरहजर. वही मागायची, परत देताना वर एक चॉकलेट. त्यातून बोलणं वाढलं, डब्यातला ठेचा इकडून तिकडं जाऊ लागला. पुरानंतर बारा दिवसांनी मोनाली वर्गात पाय ठेवते न ठेवते तोच संस्कृती ओरडली होती, "अगं, होतीस कुठं? तुझी वही नाही तर आमची वाट लागली इथं!" मोनालीला ते ओरडणं फार आवडलं होतं. घरी येऊन तिनं ते आईला दोनदा सांगितलं होतं.

गणपतीनंतर टॅब आले. टॅब वाईट होता, असं मोनाली कधीच म्हणणार नाही. दप्तर हलकं झालं. हृदयाची आकृती दोन बोटांनी ताणून एवढी मोठी करता यायची की एकेक झडप दिसावी. कुठलाही शब्द टाकला की नेमकं ते पान समोर. सर फळ्यावर लिहीत ते जसंच्या तसं ऐंशी जणांच्या ॲपमधल्या वहीत जाऊन बसायचं. जो घरी झोपलाय त्याच्याही. सोयीचं होतं हो, कोण नाही म्हणतंय? पण उतरून घ्यायलाच काही उरलं नाही, तर अक्षर घेऊन काय करायचं? तिनं एकदा काचेवर बोटानं लिहून बघितलं. तिचं ते टपोरं अक्षर मुंगळे धावल्यासारखं वाकडंतिकडं उमटलं. तिनं लगेच पुसून टाकलं.

वही कुणी मागेना. संस्कृती चार्जिंगचा प्लग जवळ पडतो म्हणून भिंतीकडच्या बाकावर गेली. भांडण नाही, रुसवा नाही, काहीच नाही. तास सुरू झाला की ऐंशी माना खाली. मधल्या सुट्टीतही तेच. मोनाली डबा उघडायची, खायची, बंद करायची. कुणी वाईट वागत नव्हतं, म्हणून तिला तक्रारही करता येत नव्हती.

सोमवारी उजाडताच तिघं रानात उतरली. कमरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधून मोनालीनं दोन ओळी धरल्या. कापूस हाताला मऊ, पण तो ज्या वाळल्या बोंडात बसलेला असतो त्याची टोकं सुयांसारखी. नखांच्या कडेला ती बरोबर शिरतात. नऊ वाजेपर्यंत तिची बोटं ओरखड्यांनी भरली. मुक्ताबाई काही घरी बसली नाही. प्लास्टरवर खताच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून ती डाव्या हातानं वेचत होती. एक बोंड काढायला तिला तीन झटके लागत, आणि प्रत्येक झटक्याला ती स्वतःलाच एक शिवी हासडत होती.

"माय, बस की जरा."

"बसून का आभाळ थांबनार हाय? तू तुझी वळ बघ."

साडेदहाला मोनाली विहिरीच्या कठड्यावर चढली. सगळ्या रानात रेंज येते ती तिथंच. पाठीवरच्या पिशवीतून टॅब काढला. तास सुरू झाला की ॲपवर एक हिरवी पट्टी यायची, 'हजर'. ती दाबली की त्या दिवसाची वही उघडायची, नाही तर नाही. वर्गात सगळे दाबायचे, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मोनालीनं बोट टेकवलं. काचेनं घेतलं नाही. धुळीनं आणि ओरखड्यांनी बोटाची कातडी राठ झाली होती. तिनं बोट जिभेवर ओलं केलं, ओढणीला पुसलं, पुन्हा दाबलं. तिसऱ्या वेळी वही उघडली आणि सरांच्या नोट्स एकामागून एक उतरू लागल्या.

आपण काही खोटं करतोय, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. वर्गात आपली जागा रिकामी दिसेल, सर बघतील, हजेरी त्यांची ते लावतील, एवढंच तिनं धरलं होतं. नोट्स उतरल्यावर ती मिनिटभर तशीच टॅब धरून बसली. संस्कृतीचा मेसेज आला असेल, असं तिला वाटत होतं. नव्हता आला. संध्याकाळी येईल, म्हणत ती खाली उतरली.

दोन दिवसांचे चार झाले. आभाळ रोज दुपारी काळवंडायचं, चार थेंब टाकून घाबरवायचं आणि निघून जायचं. सांडू गोणी पाठीवर घेऊन घर आणि रान अशा खेपा घालत होता. बाहेरच्या खोलीत कापसाचा ढीग छताकडं चढू लागला. खाट अंगणात गेली, चूल मागच्या दारी गेली. मोनालीच्या केसांत कापूस, डाळीत कापूस, घोटभर पाणी प्यावं तर त्यात तंतू. कंबर अशी धरायची की उभं राहताना हात गुडघ्यावर टेकून दोन टप्प्यांत वर यावं लागायचं.

"काय चालू हाय सध्या कालिजात?" मुक्ताबाईनं ओळीच्या पलीकडून विचारलं.

"हाडं. हाडांचा धडा."

"आत्ता! मग इचार की तुझ्या सरला, माझं कधी जुळतंय."

मोनाली हसली. साडेदहाला तिनं खरंच विचारलं. ॲपमध्ये प्रश्नासाठी एक चौकट होती. तिनं ओल्या बोटानं एकेक अक्षर टाकलं, 'सर, मनगटाचं हाड मोडलं तर जुळायला किती दिवस लागतात? माझ्या आईचं मोडलंय.' उत्तर लगेच आलं, 'तुमचा प्रश्न नोंदवला आहे. धन्यवाद.' ती दुपारी पुन्हा कठड्यावर गेली, संध्याकाळी गेली. त्या धन्यवादाखाली काही आलं नाही.

पाचव्या दिवशी तिला ते दिसलं. वहीच्या कडेला सगळ्यांच्या नावांची यादी असते, तिनं कधी नीट बघितली नव्हती. दिवाळीनंतरचा वर्ग, अर्धी नावं लाल. आणि त्यात मोनालीच्या नावापुढं पाच हिरवे ठिपके, ओळीनं. सोमवारपासून ती वर्गात हजर होती.

सरांना कळवावं का? कळवलं की पाचही दिवस लाल होणार, टॅब जाणार, परीक्षेचं ते सगळं लचांड मागं लागणार. नाही कळवलं तर? नाही कळवलं तर काहीच होणार नव्हतं, आणि तेच तिला जास्त बोचत होतं. पाच दिवस ती जागेवर नव्हती. बाक रिकामा होता. कुणालाच दिसला नाही? संस्कृतीला नाही, सरांना नाही? उद्या कुणीतरी म्हणेल, असं तिनं मनाशी ठरवलं. 'ही हजर कशी, ही तर दिसत नाही,' एवढं एका जरी पोरानं म्हटलं, तरी सुटले. मग हजेरी गेली तरी चालेल. दुसऱ्या दिवशी तिनं टॅब उघडताच यादी बघितली. सहावा ठिपका हिरवाच.

"तुझी ती मैत्रीन," संध्याकाळी मोनालीला शिवायला गोणीचं तोंड डाव्या हातानं धरून देताना मुक्ताबाई म्हणाली, "संस्कृती. इचारती का गं तुला? का येत नाय म्हनून?"

"व्हय. रोज मेसेज असतो तिचा."

"काय म्हनती?"

"ये म्हनती लौकर. करमत नाय म्हनती."

मुक्ताबाईच्या तोंडावर इतकं समाधान पसरलं की मोनालीला दुसरीकडं बघावं लागलं. "चांगली पोर हाय. एक डाव घरी आन तिला," आई म्हणाली. "वांग्याचं भरीत करू."

पुढच्या बुधवारी शेवटची ओळ निघाली. शेवटची झोळी रिकामी होते न होते तोच पाऊस खरंच आला, चांगला तासभर. सांडू दारात उभा राहून नागव्या पऱ्हाटीवर पडणारं पाणी बघत होता. एरवी न बोलणारा माणूस, पण तो पोरीकडं वळून म्हणाला, "तू नसतीस तर समदं गेलं असतं बग. तुजं काय बुडालं तर नाय ना?"

"नाय अण्णा. समदं हितंच आलं."

हे खरंच होतं. एक ओळसुद्धा बुडाली नव्हती.

गुरुवारी ती कॉलेजात गेली. एसटीत उभं राहून, आखडलेल्या कमरेनं. वर्गाच्या दारात ती क्षणभर थांबली. सगळे आपापल्या काचेत होते. ती आपल्या बाकावर जाऊन बसली. बाकावर कुणाचीतरी जर्किन ठेवलेली होती, ती उचलून मागच्याला दिली. त्यानं वर न बघता घेतली. संस्कृती भिंतीकडं होती. मोनाली मुद्दाम पाणी प्यायच्या निमित्तानं तिच्या जवळून गेली.

"हाय," संस्कृती म्हणाली. मग मोनालीच्या हातांकडं तिचं लक्ष गेलं. "ई, हे काय झालं गं? मेंदी उतरतेय की काय?"

"नाय, ते..."

"थांब हं, एक सेकंद," संस्कृती म्हणाली आणि टॅबवर काहीतरी आलेलं बघू लागली. मोनाली एक सेकंद थांबली, मग दहा सेकंद थांबली, मग जागेवर परत आली. तिला राग आला नाही. पण असं वाटलं की आपण अजून रानातच आहोत, आणि इथं नुसतं आपलं नाव येऊन बसलंय.

अभय सर आले ते खुशीत. त्यांनी पडद्यावर यादी लावली. "दिवाळीनंतर हा वर्ग म्हणजे धर्मशाळा झालाय," ते म्हणाले. "सिडकोतले लोक आठ-आठ दिवस गायब. यायचं तर सोडाच, घरबसल्या टॅब उघडून नोट्स बघणंही होत नाही. सगळ्या वर्गात नऊच्या नऊ दिवस हजर असलेले तिघं. त्यातली एक तर पैठण रोडच्या खेड्यातून एसटीनं येते. मोनाली, उभी राहा. टाळ्या वाजवा रे, लाज वाटत असेल तर."

टाळ्या वाजल्या. माना खालीच ठेवून, टॅब मांडीवर ठेवून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोनाली उभी राहिली. पडद्यावर तिच्या नावापुढं नऊ हिरवे ठिपके होते. गप्प राहिलं की झालं, एवढंच करायचं होतं. टॅब आपला, परीक्षा आपली, आणि हे नऊ दिवस कधी झालेच नाहीत. आईचं एका हातानं वेचणं, अण्णांच्या खेपा, रक्ताळलेली बोटं, रोजचं ते कठड्यावर चढून वाट बघणं, सगळं कुठंच नाही.

"सर, मी नव्हते."

"काय?"

"मी नव्हते वर्गात. नऊ दिवस. मागच्या सोमवारपासून कालपर्यंत."

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. सरांनी पडद्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "अगं, इथं तर हजर दिसतेय. बटण कुणी दाबलं?"

"मीच. रानातून. दाबल्याबगर नोट्स उघडत नाय, म्हनून दाबलं." वर्गात ती इतके महिने जपून बोलत होती. आज 'नाय' बाहेर पडलं आणि कुणी हसलं नाही.

सर टेबलाजवळून तिच्या बाकापर्यंत आले. आवाज खाली आणून म्हणाले, "बघ, ॲपनं धरलंय तर धरलंय. मी हे नऊ काढले तर तू सत्तरवर येतेस. तुला माहीत आहे ना, त्याचा अर्थ काय? टॅब आजच जमा करावा लागेल. मला सोडता येणार नाही. खाली बस, मी काही ऐकलं नाही."

ते तिच्या भल्याचंच बोलत होते, हे तिला कळत होतं. ती बसली नाही.

"काढा सर," ती म्हणाली. "मी इथं नव्हते. कापूस वेचत होते."

सर परत टेबलाशी गेले आणि त्यांनी आपल्या टॅबवर बोट टेकवलं. पडद्यावर पहिला ठिपका लाल झाला. मग दुसरा. पाचव्या ठिपक्याला मोनालीनं मागं वळून बघितलं. एकूण एक मान वर होती. भिंतीकडची संस्कृती प्लगमधून वायर उपटून हातात तशीच धरून, तोंड उघडं टाकून तिच्याकडं बघत होती.

नववा लाल झाला. मोनालीनं आपला टॅब ओढणीनं पुसला, पुढं जाऊन सरांच्या टेबलावर ठेवला. जायला वळली, तेव्हा सरांची नजर तिच्या बोटांवर होती.

"किती निघाला?" त्यांनी विचारलं.

"काय, सर?"

"कापूस. किती निघाला?"

"सात क्विंटल," मोनाली म्हणाली, आणि सगळ्या वर्गासमोर तिला हुंदका फुटला.